पाटीवरचं ‘आयुष्यभर’

पुण्यात बिबवेवाडीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये जपून द्यायचं काम चालतं. बाहेर पाटी आहे : ‘आयुष्यभर काचेसारखी पारदर्शक’. त्या ‘आयुष्यभर’साठीच मी आत शिरले. ओळखीच्या एका घरी अशीच फ्रेम पाहिली होती, दुसरीकडून करून घेतलेली. लग्नाला दोन उन्हाळेही झाले नव्हते आणि निशिगंधावर चांगलीच पिवळी झाक चढली होती.

दारातच वास येतो. फुलांचा नव्हे, रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचा. अमोनियासारखा, जरासा मासळीकडे झुकणारा. मार्केट यार्डाचा फुलबाजार इथून जवळ, पण या खोलीतल्या फुलांना वासच उरलेला नसतो. सिलिका जेलमध्ये पुरून ती पार कोरडी केलेली असतात.

“फुलात पाणी राहिलं की फूल आतून तपकिरी होतं. तो फुलाचा दोष,” काम करणाऱ्या ताई म्हणाल्या. “रेझिन पिवळं पडतं ते वेगळं. लोक दोन्हीला ‘पिवळं पडलं’च म्हणतात आणि भांडायला येतात.”

मग वजनकाटा. दोनास एक : रेझिन दोन भाग, हार्डनर एक. प्रत्येक कंपनीचं प्रमाण निराळं, आणि ते वजनाने घ्यायचं की मापाने, हे डब्यावर वाचायचं. इथे मात्र दोनास एक. हार्डनर जास्त पडला तर त्यातला उरलेला अमाईन पुढे हवेशी संयोग पावून रंग धरतो. हाताखालच्या मुलीला त्या हे ‘दोनास एक’ इतक्या वेळा ऐकवत होत्या, की शेवटी ती पुटपुटतच ओतू लागली.

ढवळणं, ओतणं, हीट गनने बबल काढणं झटपट उरकतं. हीट गन एका जागी रेंगाळली तर तिथेच रेझिन करपतं. थर पातळ द्यायचे, कारण घट्ट होताना रेझिन स्वतःच तापतं. जाड थर एकदम ओतला तर उष्णतेने पिवळा पडतो, कधी तडकतोही. पावसाळ्यात दमट हवेने वर तेलकट पांढुरका पापुद्रा येतो, म्हणून तेव्हा खोली बंद ठेवून काम.

माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे जात होतं. हार्डनरची नवी बाटली उघडण्याआधी ताई ती पांढऱ्या कागदासमोर धरून बघत. बाटलीत पडून पडूनही हार्डनर पिवळा होतो. रंग दिसला की ती बाटली गडद रंगाच्या कामाला, वरमालेला नाही. महागडी बाटली अशी बाजूला ठेवताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. माझा अडखळला असता.

एवढं करूनही ऊन आहेच. नेहमीच्या इपॉक्सी रेझिनच्या रेणूंतली बेंझिनची कडी अतिनील किरणं शोषते, बंध तुटतात, ऑक्सिजन जोडला जातो, आणि तयार होणारे नवे रेणू निळा प्रकाश गिळतात. उरतो तो पिवळा. चांगल्या रेझिनमध्ये ही किरणं शोषणारं आणि तुटलेल्या रेणूंना आवरणारं रसायन असतं, पण तेही हळूहळू खर्ची पडतं. काही कंपन्या किंचित निळसर-जांभळी छटा घालतात. धोतराला नीळ देतात तीच युक्ती. त्याने पिवळेपणा दिसत नाही, थांबत मात्र नाही. समुद्रावरच्या सर्फबोर्डवाल्यांचंही हेच रडगाणं. त्यांचा बोर्ड तर उन्हातच जगतो. वरमालेला निदान भिंत निवडता येते.

“मग पाटीवर ‘आयुष्यभर’ का?” मी विचारलं.

“काढला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल.” त्या हसल्या नाहीत. “मी तोंडी सांगते ना, उन्हात लावू नका म्हणून.”

त्यांचं काम खरं आहे, पाटी खोटी आहे. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा बराचसा भाग आत येऊ देते, आणि अंधारातही, उष्णतेने, हे पिवळेपण संथपणे चालूच राहतं. फ्रेम करून घेणार असाल तर खिडकीसमोरची भिंत सोडा, आणि पावतीवर रेझिनचं नाव लिहून घ्या.