किल्ली बरोबर, तरी गाडी रुसली!

दोस्तांनो, समजा सुट्टीत गावाला निघालात. डिकीत पिशव्या भरल्या, आजी पुढच्या सीटवर बसली, बाबांनी किल्ली फिरवली, आणि गाडी चालूच होईना! समोर किल्लीचं चित्र असलेला इवलासा दिवा तेवढा लुकलुकतोय. इंजिन बिघडलं? तसंच असेल असं नाही. बहुधा गाडीनं आपली किल्ली ओळखलेली नाही.

किल्ली ओळखणाऱ्या या पहारेकऱ्याचं नाव इमोबिलायझर. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, बरं का! किल्ली घालायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळली की जवळच्या चिपला बिनतारी ऊर्जा मिळते. मग गाडी चिपला एक आकडा देते. चिप गुप्त सूत्रानं गणित सोडवून उत्तर पाठवते. उत्तर चुकलं की इंजिन बंदच! दर वेळी आकडा नवा, त्यामुळे कालचं उत्तर कॉपी करून भागत नाही. (आमच्या वर्गातही अशी सोय हवी होती!)

ब्रिटनमध्ये १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. तेव्हाच्या एका चिपचा गुप्त आकडा ४० अंकी होता, प्रत्येक अंक ० किंवा १. म्हणजे १ लाख ९ हजार कोटींहून जास्त शक्यता! तरीही २००५मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तो शोधून दाखवला. मग पुढच्या चिपमध्ये आकडे आणखी लांबले.

आता रुसवा काढायचा कसा? जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल, तर ती आधी लांब ठेवा. गाडीचा गोंधळ उडतो. स्विच बंद करून थोडं थांबा, पुन्हा बघा. मग घरातली दुसरी किल्ली लावा. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी रिमोट टेकवून धरा. त्यातही बिनसेलची चिप असते.

शेजारचे काका सांगतील, ‘बॅटरीची वायर काढून लाव, सगळं रीसेट होतं.’ घड्याळाची वेळ जाईल फार तर! गुप्त आकडा वीज गेली तरी पुसला जात नाही. तसा जात असता, तर चोरानंही पहिली वायरच काढली असती ना?

एवढं करूनही गाडी ऐकत नसेल, तर सर्व्हिस सेंटर गाठायचं. आर.सी. बुक आणि ओळखपत्र लागतं, कॉम्प्युटर जोडून किल्लीची पुन्हा ओळख करून देतात. दोन्ही किल्ल्या हरवल्या तर खर्च बराच येतो.

आणि आई-बाबांनो, जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्या. एकच मिळाली, तर दुसरीची ओळख गाडीतून पुसून घ्या. नाहीतर ती कुणाच्या तरी खिशात असेल, आणि गाडी तिलाही ‘आपली’च म्हणेल.