घोड्याची शिकवण: वाटाघाट आणि भागी

शेतकऱ्याचा व्यवहार एकट्यानें चालत नाहीं. विहीर भावाभावांत सामाईक असते, बांध शेजाऱ्याशीं सामाईक असतो, सालदाराशीं वर्षाचा करार असतो, मालाचा भाव अडत्यापाशीं ठरवावा लागतो, आणि खतबियाण्यासाठीं सोसायटीच्या सभासदांचें एकमत व्हावें लागतें. यांपैकीं जे व्यवहार मोडतात, त्यांतील पुष्कळ हितविरोधामुळें मोडत नाहींत. बोलणें कसें करावें व ठरलेलें कसें सांभाळावें, याची रीत ठाऊक नसल्यामुळें मोडतात. पुढें कोर्टकचेरी होते, दोन पिढ्या एकमेकांचें तोंड पाहात नाहींत, आणि विहिरींत पाणी असूनही दोघांचा ऊंस वाळतो. ही रीत शिकविणारा एक कठोर पण प्रामाणिक शिक्षक म्हणजे घोडा होय. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या लोकांनीं जें ज्ञान मिळविलें, त्यांतील शेतकऱ्याच्या उपयोगाचा भाग या लेखांत मांडावयाचा आहे.

घोडाच कां, बैल कां नाहीं, असा प्रश्न वाचक विचारतील. आपल्याकडे नांगराकुळवाचें काम मुख्यत्वें बैलांनींच केलें. घोड्याकडे टांगा, स्वारी व ओझें हीं कामें असत. भीमथडीच्या तट्टांवर संसार लादून धनगर आजही मेंढरांबरोबर फिरतात. परंतु बैल सोशिक आहे. त्याच्या नाकांत वेसण असते, आणि धन्याची चूक तो पुष्कळदां मुकाट्यानें गिळतो. त्यामुळें धन्यास आपली चूक कळतच नाहीं. घोड्याचें तसें नाहीं. साधारण घोड्याचें वजन ४०० किलोच्या आसपास, तर माणसाचें ६० ते ७०. तो एकदां उधळला कीं लगामानें आवरत नाहीं. बळानें त्याच्यापुढें आपला निभाव लागत नाहीं, म्हणून त्यास राजी करावें लागतें. आणि आपलें कांहीं चुकलें तर तो तें त्याच क्षणीं दाखवून देतो.

घोडा हा मोकळ्या माळावर चरणारा प्राणी. शत्रूपासून बचाव करण्याचें त्याचें मुख्य साधन पळणें हें होय. त्याचे डोळे मस्तकाच्या दोहों बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्यास सभोंवारचें जवळजवळ सर्व, म्हणजे ३६० अंशांपैकीं सुमारें ३५० अंशांपर्यंतचें, दिसतें. कपाळाच्या अगदीं समोरचा व शेपटाच्या नीट मागचा एवढाच भाग त्यास दिसत नाहीं. म्हणूनच जाणता मोतद्दार मागून येत नाहीं. खांद्याच्या बाजूनें, घोड्यास दिसेल असा, तोंडानें कांहीं बोलत येतो, आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवतो. घोड्याचे दोन कान निरनिराळे फिरतात. ज्या दिशेस कान, त्या दिशेस त्याचें लक्ष. कान मानेस चिकटले कीं पुढें जाण्यांत शहाणपण नसतें.

वाटाघाटीचा पहिला धडा यांतच आहे. समोरच्यास काय हवें आहे, हें आपण लगेच विचारतों. त्यास भय कशाचें आहे, हें विचारीत नाहीं. अडत्यास भय असतें कीं, नमुन्यासारखा माल पुढच्या पोत्यांत निघणार नाहीं. सालदारास भय असतें कीं, आजारपणाच्या खाड्यांबद्दल धनी किती कापील याचा नेम नाहीं. धाकट्या भावास भय असतें कीं, हिशेब थोरला एकटाच ठेवील. हें भय दूर केल्याखेरीज भाव, पगार किंवा वांटा यांविषयीं बोलूं लागणें म्हणजे मागून जाऊन घोड्याच्या पाठीवर एकाएकीं हात टाकणें होय. अडत्यास हवें तें पोतें निवडून फोडूं द्यावें, खाड्यांचा नियम आधीं सांगावा, हिशेबाची वही दोघांच्या मध्यें ठेवावी. मग आंकड्यावर यावें.

दुसरा धडा ओढ आणि ढील यांचा. चाबुकस्वार वछेऱ्यास प्रथम दोरीमागें चालावयास शिकवितो, तेव्हां काय करतो हें नीट पाहावें. तो दोरीस हलकी ओढ देतो. वछेरा पाय रोवून उभा राहतो. अडाणी माणूस येथें दोहोंपैकीं एक चूक करतो: जोरानें हिसडे देतो, किंवा कंटाळून दोरी सोडतो. हिसड्यांनीं वछेरा घाबरून मागें ओढतो; दोरी सोडल्यानें त्यास कळतें कीं, पाय रोविले म्हणजे सुटका होते. जाणता चाबुकस्वार हिसडा देत नाहीं व ओढ सोडीतही नाहीं. वछेऱ्यानें अंगाचा भार किंचित् पुढें टाकला, पाऊल अर्धें उचललें, कीं त्याच क्षणीं तो दोरी सैल करतो. जनावर ओढीनें शिकत नाहीं, ओढ थांबल्यानें शिकतें. ढील कांहीं क्षण जरी उशिरा मिळाली, तरी ती कशाबद्दल मिळाली हें त्यास उमगत नाहीं. मानसशास्त्रांत या शिक्षणास ऋण प्रबलन असें नांव आहे. ऋण म्हणजे वजा करणें. दाब वजा होणें हेंच येथें बक्षीस असतें.

माणसामाणसांत ही चूक रोज होते. व्यापाऱ्यानें क्विंटलमागें ५० रुपये वाढविले कीं, कित्येक जण लगेच वजनांतली कटती, हमाली आणि रोखीचा वायदा असे तीन वाद एकदम काढतात. त्यानें एक पाऊल पुढें टाकलें, आणि त्याबद्दल त्यास ढील न मिळतां तिप्पट ओढ मिळाली. पुढच्या वेळीं तो पाऊल टाकणार नाहीं. उलट, समोरच्यानें कपाळास आंठ्या घातल्याबरोबर जो आपला भाव उतरवितो, तो त्यास आंठ्या घालावयास शिकवितो. म्हणून सगळ्या मागण्या आरंभींच मांडाव्या, त्यांवर शांतपणें टिकून राहावें, आणि दुसरा थोडा जरी सरकला तरी तें मान्य करून आपणही कांहीं सैल सोडावें. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची जुनी चाल आहे. तिच्या आड लबाडीही होऊं शकते, हें खरें. पण तिच्यांत एक शहाणपण आहे. चारचौघांत माघार घेतल्याची लाज कोणासच वाटत नाहीं, म्हणून दोघेही सरकूं शकतात.

हा विचार फार जुना आहे. ग्रीस देशांतील झेनोफन हा सैनिक होता व जमीनदारही होता. इ. स. पूर्व चौथ्या शतकांत त्यानें घोड्याच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला, तसाच शेतीसंसाराच्या व्यवस्थेवरही लिहिला. रागाच्या भरांत घोड्याशीं वागूं नये, असें त्याचें सांगणें आहे. कारण रागांत पुढचा विचार राहात नाहीं व मागून पश्चात्ताप करावा लागतो. जबरदस्तीनें करवून घेतलेल्या कामांत घोड्यास समज येत नाहीं, असेंही तो बजावतो. ज्यांच्या घरीं वांटणीचें बोलणें चालू आहे, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि घोडा शांत झाला म्हणजे राजी झाला, असें नव्हे. अमेरिकेंतील ओहायो प्रांताचा जॉन रेरी हा १८५८ सालीं इंग्लंडांत होता. तेथें क्रूझर नांवाचा घोडा इतका खुनशी झाला होता कीं, त्याच्याजवळ जाणें जिवावरचें काम समजत. रेरीनें त्यास वठणीवर आणलें. त्याचे प्रयोग राणी व्हिक्टोरियानेंही पाहिले. त्याची रीत अशी कीं, घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून बांधावयाचा, आणि झगडून थकलेला घोडा खालीं बसला म्हणजे त्याच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवून, इजा होत नाहीं अशी त्याची खात्री पटवावयाची. चाबकाच्या मानानें ही रीत त्या काळीं दयाळू ठरली. परंतु आजचे अभ्यासक सांगतात कीं, ज्यास पळतां येत नाहीं व झगडूनही उपयोग होत नाहीं, तो प्राणी समजून नव्हे, तर हताश होऊन स्तब्ध होऊं शकतो. बाहेरून दोन्ही सारखेंच दिसतें.

हा भेद भागींत महत्त्वाचा आहे. ज्याच्या डोक्यावर आपलें देणें आहे, असा मनुष्य "तुम्ही म्हणाल तसें" असें म्हणून मान डोलावतो. ती संमति धरून चालूं नये. त्यास घरीं विचारून दुसऱ्या दिवशीं उत्तर द्यावयास सांगावें, आणि नाहीं म्हटल्यास त्याचें नुकसान होणार नाहीं, हें स्पष्ट करावें. ज्यास नाहीं म्हणतां येतें, त्याच्याच होकारास किंमत असते. बळानें बसविलेला करार दोरी तुटेपर्यंतच टिकतो, आणि ती बहुधा ऐन सुगींत तुटते.

घोडा आपल्या शब्दांपेक्षां आपलें अंग अधिक वाचतो. बर्लिन शहरांत फॉन ओस्टेन नांवाच्या गृहस्थांजवळ हान्स नांवाचा घोडा होता. तो बेरीज-वजाबाकीचीं उत्तरें खुरानें ठोके देऊन सांगे. १९०४ सालीं तज्ज्ञांच्या मंडळानें तपास केला, पण लबाडी आढळली नाहीं. नंतर ऑस्कर फुंग्स्ट यांनीं बारकाईनें प्रयोग करून १९०७ सालीं दाखविलें कीं, प्रश्न विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्यासही तें येत नाहीं. योग्य ठोका पडतांच विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत सूक्ष्म हालचाल होई, आणि ती पाहून घोडा थांबे. घोड्यास गणित येत नव्हतें, माणूस वाचतां येत होता. तात्पर्य, मनांत फसवणूक ठेवून तोंडानें गोड बोललें, तर समोरच्यास कारण सांगतां आलें नाहीं तरी तो बुजतो. वाटाघाटीस बसण्यापूर्वीं आपण कोठपर्यंत सरकूं शकतों हें स्वतःशीं ठरवून घ्यावें. म्हणजे अंगांत गडबड राहात नाहीं.

आतां जोडीविषयीं. युरोप-अमेरिकेंत दोन घोड्यांचा नांगर असे, तेव्हां घोड्यांमागें एक आडवा दांडा असे. त्याच्या दोन टोकांस दोन घोडे व मध्यावर नांगर जोडीत. समजा, दांडा ४० इंचांचा आहे व एकूण ओढ २०० किलोची आहे. नांगर बरोबर मध्यावर जोडला, तर प्रत्येक घोड्यावर १०० किलो येतात. एक घोडा दुसऱ्याहून दुबळा किंवा नवखा असेल, तर जोडण्याची जागा बळकट घोड्याकडे २ इंच सरकवितात. मग त्याच्याकडे १८ इंच व दुबळ्याकडे २२ इंच राहतात. बळकटावर ११० किलो व दुबळ्यावर ९० किलो येतात. दांडा सरळ राहतो, तास सरळ जातो, आणि दोघे दिवसअखेर सारखेच थकतात. बैलांच्या जुवासही हाच नियम लागू आहे, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

आपण जनावरांस हा न्याय लावतों, पण भावास लावीत नाहीं. एका भावाची ८ एकर व दुसऱ्याची ४ एकर जमीन एकाच विहिरीवर भिजते, आणि मोटार जळली कीं दुरुस्तीचे ६,००० रुपये "निम्मेनिम्म" म्हणून मागितले जातात. जमिनीच्या प्रमाणांत पाहिलें तर ४,००० व २,००० असा वांटा होतो. पाण्याचे दिवसही सहांतून चार व दोन असे पडतात. निम्मेनिम्म हा शब्द कानास न्यायाचा वाटतो, परंतु ज्याच्या खांद्यावर जड टोक येतें, त्यास तो न्याय वाटत नाहीं. तो कांहीं दिवस ओढतो, नंतर मागें राहूं लागतो, आणि आपण त्यास कामचुकार म्हणतों. चूक खिळ्याच्या जागेची असते.

याच्या जोडीस दोन गोष्टी आहेत. पहिली मर्यादेची. घोडा दिवसभर कामांत आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी ओढ सोसतो. ५०० किलोचा घोडा म्हणजे ५० किलो. वरील २०० किलोंची ओढ अशा जोडीकडून थोडा वेळच मागतां येते. चिखलांत गाडी रुतली तर तो क्षणभर याच्या कितीतरी पट जोर लावतो, पण तो रोजचा नेम केला तर मोडतो. भागीदारानें एखाद्या वर्षीं अडचणींत अधिक सोसलें, तर ती मदत समजून लिहून ठेवावी. पुढच्या वर्षाचा तो हक्क समजूं नये. दुसरी गोष्ट देखरेखीची. शहाणा धनी संध्याकाळीं खोगीर उतरल्यावर पाठीवरून हात फिरवून पाहतो व खूर उचलून खडा रुतला आहे काय हें बघतो. घट्टा पडण्यापूर्वीं लाली दिसते. तद्वत् भागीचा हिशेब वर्षअखेरीस एकदम न पाहतां दरमहा पाहावा. लहान तक्रार पहिल्या महिन्यांत दहा मिनिटांत मिटते. बाराव्या महिन्यांत तिला वकील लागतो.

घोड्याची उपमा कोठें संपते, हेंही सांगितलें पाहिजे. घोडा आपण विकत घेतों, त्याचा करार आपणच ठरवितों. भागीदार, सालदार किंवा भाऊ यांचें तसें नाहीं. ते आपल्या बरोबरीचे आहेत, व त्यांस वळण लावणें हें आपलें काम नव्हे. शिवाय त्यांस वाचा आहे. घोड्याच्या कानांवरून जें ओळखावें लागतें, तें माणसास सरळ विचारतां येतें. आणि जें ठरलें तें कागदावर लिहून दोघांनीं सह्या कराव्या. लिहिणें हा अविश्वास नव्हे, दोघांच्या स्मरणशक्तीस आधार होय.

पेरणीपूर्वीं पंधरा दिवस मोकळे असतात. सामाईक विहीर, सामाईक अवजार किंवा भागीची जमीन ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं त्या दिवसांत एकत्र बसावें. प्रत्येकानें आधीं आपलें भय सांगावें, नंतर मागणी सांगावी. खर्च व पाणी यांचा खिळा प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणें सरकवावा, आणि दरमहा हिशेबाचा दिवस नेमावा. पाऊस सुरू झाल्यावर हें बोलणें होत नाहीं. तेव्हां ज्याचें त्यास आपलें वावर दिसतें.