गोधडी निघाली प्रदर्शनाला

ब्रॅकनेलमध्ये राहून पावसाची तक्रार करण्यात तसा अर्थ नाही. ब्रिटनचे हवामान खाते १९६१ पासून २००३ पर्यंत याच गावात मुक्कामाला होते. पुढे ते एक्सेटरला गेले, पण पाऊस काही त्यांनी बरोबर नेला नाही. एरवी आम्ही त्याच्याकडे लक्षही देत नाही. पण यंदा प्रदर्शनाला बरोबर बारा दिवस उरले असताना आमच्या सासूबाईंची चार किलोची गोधडी न्हाणीघरातल्या टबात भिजत पडली होती, आणि बाहेर धार लागली होती.

वाचकांपैकी ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वॉटर्लूहून रेडिंगला जाणाऱ्या गाडीने तासाभरात ब्रॅकनेल येते. महायुद्धानंतर, १९४९ साली, सरकारने आखून वसवलेले हे नवे शहर. लंडनमधली गर्दी हलवावी म्हणून वसवले. मग इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग आपल्यासारखी माणसे. गावात चौकाचौकात गोल चक्कर आहे. नव्या पाहुण्याला घर सापडत नाही, आणि सापडले तर परत जायची वाट सापडत नाही.

इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायका दरवर्षी एका सभागृहात दोन दिवसांचे प्रदर्शन मांडतात. आम्ही चौघी मराठी बायका गेली काही वर्षे गुरुवारी त्यांच्यात जाऊन बसतो. एक कोल्हापूरच्या मावशी, एक नागपूरच्या वहिनी, एक ठाण्याची नवी मुलगी आणि आम्ही. अर्जाचा कागद उन्हाळ्यात भरायचा असतो. उन्हाळ्यात माणूस शूर असतो. आम्ही तीन वस्तू लिहून मोकळे झालो: नातवासाठी पाळण्यातले पांघरूण, एक भिंतीवरचा तुकडा आणि सासूबाईंची गोधडी. तिन्ही अर्धवट. इकडच्या बायका अशा कामांना गमतीने ‘यूएफओ’ म्हणतात. उडत्या तबकड्या नव्हेत, पुऱ्या न झालेल्या वस्तू. प्रत्येकीच्या कपाटात अशी पाच-दहा तरी असतात, आणि प्रदर्शन जवळ आले की ती एकदम उतरू लागतात.

पहिल्या दोन वस्तूंचे फार सांगत नाही. क्विल्टचा वरचा भाग शिवून झाला की काम संपले असे बघणाऱ्याला वाटते. खरे काम तिथून सुरू होते. वरचे कापड, मधली कापसाची गादी आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र टाचायचे, त्यातून टाके घालायचे, मग कडेला अडीच इंचाची पट्टी दुमडून लावायची. तिचे चारही कोपरे काटकोनात बसले पाहिजेत, आणि मागच्या बाजूचा टाका दिसता कामा नये. एवढे झाले की पाठीमागे टांगण्यासाठी कापडाची नळी शिवायची आणि नावाची चिठ्ठी लावायची. या सगळ्यात आमचे आठवडाभर जेवण म्हणजे पिठले-भात, आणि दुसऱ्या दिवशी भात-पिठले. गालिच्यात सांडलेली टाचणी ‘ह्यां’च्या तळपायाला लागली तेव्हा ते म्हणाले, “आता मी बूट घालूनच झोपतो.”

शेवटी त्यांनाच कामाला लावले. आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढलेल्या माणसाने टांगायच्या नळ्या मिलिमीटरात मापून दिल्या. सुई मात्र हातात घेईनात. तेव्हा आम्ही त्यांना क्रिमियाच्या युद्धातल्या शिपायाचे चित्र दाखवले. थॉमस वॉकर नावाचा हा शिपाई इंकरमनच्या लढाईत डोक्याला जखम होऊन इस्पितळात पडला होता, आणि १८५६ च्या चित्रात तो पलंगावर बसून लष्करी गणवेशाच्या तुकड्यांचे क्विल्ट शिवतो आहे. दारू आणि जुगारापासून दूर राहावे म्हणून त्या काळी शिपायांना शिवणाची सवय लावीत. हिंदुस्थानात तैनात असलेल्या गोऱ्या शिपायांनीही छावण्यांत बसून असे पुष्कळ काम केले. त्याचा नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. ‘हे’ चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “त्याला सुट्टी होती.” पण एक नळी त्यांनी शिवली.

आता गोधडी.

सासूबाई गेल्यानंतर आमच्या नणंदेने ती सांगलीहून आमच्या सामानात घातली. तेवीस किलोच्या बॅगेत चार किलो गोधडी म्हटल्यावर लोणची आणि भाजणी मागे राहिली, हे इथे नमूद केले पाहिजे. पाठीला त्यांचे जांभळे इरकली लुगडे, आत मामंजींची धोतरे आणि एक जुनी चादर, वर फिक्या पातळांचे तुकडे. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत येत जायचे, ही आपली जुनी रीत. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही आपल्या ‘कवंदी’ याच रीतीने कडेकडून मध्याकडे शिवतात, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. सासूबाईंची गोधडी मध्यावर येऊन थांबली होती. हातभर चौकोन रिकामा होता. तेवढा पुरा करून ती मांडायची असे आम्ही ठरवले होते.

पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास जाईना म्हणून ती धुतली. ते आमचे पहिले चुकले. इरकलीचा रंग सुटला आणि एका कोपऱ्यातले पांढरे तुकडे गुलाबी झाले. पाऊस थांबेना, तेव्हा चार खुर्च्या पाठीला पाठ लावून घरातच ती वाळत घातली. पुरते तीन दिवस. उरले नऊ.

दुसरे चुकले ते अधिक मोठे. प्रदर्शनात परीक्षक असतात, आणि ते टाक्यांकडे फार बारकाईने पाहतात. टाका लहान-मोठा नको, ओळ वाकडी नको. सासूबाईंच्या कडेच्या फेऱ्या पांढऱ्या दोऱ्याच्या आणि आखल्यासारख्या सरळ होत्या. पण आत येता येता त्या हलू लागल्या. मग एकदम दोराच बदलला, लाल झाला, आणि त्या लाल फेऱ्या म्हणजे पावसाळ्यात गांडूळ चालावे तशा. एक टाका तांदळाएवढा तर पुढचा बोटाच्या पेराएवढा. त्यांच्या आत पुन्हा पांढऱ्या दोऱ्याच्या चार फेऱ्या नीट, आणि मग काहीच नाही. आम्हांला वाटले, लाल दोरा कुणा शेजारणीच्या मुलीने घातला असेल. परीक्षकांपुढे हे कसे न्यायचे? आम्ही कात्री घेतली आणि लाल फेरी उसवायला लागलो.

वीतभर उसवल्यावर कोल्हापूरच्या मावशी आल्या. त्यांनी चष्मा लावला, गोधडी उलटसुलट केली आणि विचारले, “कुणाचा हात गं हा?” आम्ही शेजारणीच्या मुलीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “हात एकच हाय. गाठ बघ की.” खरेच, दोऱ्याची प्रत्येक गाठ एकाच तऱ्हेने, दुहेरी मारून आत सरकवलेली होती. त्या रात्री नणंदेला फोन लावला. सांगलीत पहाट झाली होती. तिने फोटो पाहिला आणि जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “वहिनी, ते मोतीबिंदूचं वर्ष. आईला पांढरा दोरा दिसेना म्हणून मीच लाल आणून दिला होता. बस म्हटलं तरी ऐकायची नाही. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पांढरा दोरा मागितला.”

म्हणजे त्या चार सरळ फेऱ्या ऑपरेशननंतरच्या. आणि आम्ही त्याच्या आधीची वीतभर उसवून ठेवली होती. उसवलेला दोरा केराच्या टोपलीत होता. तो काढून पाहिला, पण तुकडे झाले होते. कापडावर सुईची भोके तेवढी राहिली. आम्ही लाल दोरा आणला आणि त्याच भोकांतून सुई घालत तेवढी वीत पुन्हा शिवली. भोके तीच, पण टाका आमचा. बघणाऱ्याला कळणार नाही. आम्हांला कळते.

राहिलेले दिवस मधल्या चौकोनात गेले. आम्ही इंग्रजी आखूड सुयांना सोकावलेले. गोधडीच्या सात-आठ थरांतून ती सुई निघेना. दोन मोडल्या. अंगुस्तान असूनही मधले बोट सुजले. नागपूरच्या वहिनींनी भारतातून आणलेली लांब सुई दिली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. शेवटचा टाका शुक्रवारी रात्री अकरा वाजता घातला. नावाच्या चिठ्ठीवर काय लिहावे यावर घरात तासभर खल झाला. शेवटी ‘सुरुवात सासूबाईंची, शेवट सुनेचा’ असे इंग्रजीत लिहिले, आणि खाली गावांची नावे: सांगली, ब्रॅकनेल. ‘ह्यां’नी त्यावर एकच दुरुस्ती सुचवली. सासूबाईंचे नाव आमच्या नावाहून मोठ्या अक्षरांत हवे. ते मान्य झाले.

शनिवारी सभागृहात निराळाच पेच. गोधडी टांगेना. क्विल्ट आत कापसाची गादी घेऊन हलके असते. आपली गोधडी म्हणजे आत आणखी दोन संसार. दांडी वाकली, नळीची शिवण करकरली. टांगणाऱ्या बाई हवालदिल झाल्या आणि शेवटी त्यांनी ती एका लांब टेबलावर पसरली. एका अर्थी बरे झाले. अंगाखाली आणि अंगावर घ्यायच्या वस्तूला भिंतीवर चढवायचे, हे आमच्या नणंदेला पहिल्यापासून पसंत नव्हते.

प्रदर्शनात वस्तूला हात लावायचा नसतो. मागची बाजू पाहायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेली स्वयंसेविका कोपरा उचलून दाखवते. दुपारी एक वयस्क इंग्रज बाई आल्या. स्वयंसेविकेची पाठ वळलेली पाहून त्यांनी सरळ उघड्या हाताने गोधडी चिमटीत धरली, दाबली, आणि विचारले, “आत काय आहे?” धोतरे कशी समजावून सांगणार? आम्ही म्हटले, नवऱ्याचे जुने कपडे. त्या हसल्या. त्यांचे आजोळ डरॅमकडचे, कोळशाच्या खाणींच्या मुलुखातले. त्यांच्या आजीच्या क्विल्टच्या पोटात आणखी जुने, विरलेले क्विल्ट होते, आणि त्याच्याही आत घोंगडी. नवे कोण विकत घेणार!

मग त्या बाईंनी खाणीतल्या क्लबांची हकीकत सांगितली, जी आम्ही पुस्तकात वाचली होती, पण माणसाच्या तोंडून प्रथमच ऐकली. खाणीत नवरा मेला किंवा जायबंदी झाला की बायको क्विल्टचा क्लब काढी. शेजारणी आठवड्याला थोडे थोडे पैसे भरत आणि पाळीपाळीने प्रत्येकीला एक क्विल्ट मिळे. आपली भिशीच की! फरक इतकाच की इथे एकटी राबायची, आणि त्यावर घर चालायचे. ठाण्याच्या मुलीने लगेच हिशोब मांडला आणि म्हणाली, “ताशी मजुरी काढली तर रडू येईल.” पुढे १९२८ पासून ग्रामोद्योगाच्या एका सरकारी योजनेने वेल्स आणि डरॅमच्या या बायकांना गिऱ्हाइके मिळवून दिली, आणि त्यांची क्विल्ट थेट लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात जाऊन पोचली. एका रात्रीच्या भाड्यात तिथल्या पाहुण्यांनी किती खाणकामगारांचे आठवडे पांघरले असतील, हा हिशोब मात्र त्या मुलीने केला नाही.

रविवारी संध्याकाळी परीक्षकांचे कागद हाती आले. पाळण्यातल्या पांघरुणाला कोपऱ्यांबद्दल शाबासकी. भिंतीवरच्या तुकड्याला रंगसंगतीबद्दल एक ओळ. गोधडीच्या कागदावर लिहिले होते की कल्पना आणि कापड उत्तम, मध्यभागातले टाके एकसारखे आणि नेटके. परंतु लाल दोऱ्याच्या फेऱ्यांत टाक्यांची लांबी अनियमित आहे, अपवाद एका लहानशा भागाचा.

तो लहानसा भाग म्हणजे आमची वीत.

कागद ‘ह्यां’ना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गोधडी खांद्यावर टाकून गाडीकडे चालू लागले. बाहेर पाऊस होताच. ठाण्याच्या मुलीने मागून छत्री धरली, स्वतःवर नव्हे, गोधडीवर. घरी आल्यावर आम्ही ती पुन्हा पेटीत ठेवायला निघालो तर म्हणाले, “राहू दे. आज थंडी आहे.” अजून ती पेटीत गेलेली नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज येऊन पडला आहे, आणि आम्ही तूर्त एकच वस्तू लिहिली आहे.