स्वमग्न मुलांचे शिक्षक

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाचा समारोप करण्याचे काम माझ्याकडे आले होते. फराळाच्या वेळी एक वयस्क शिक्षिका जवळ येऊन म्हणाल्या, "साहेब, स्वमग्नता म्हणजे काय हे आता मला तोंडपाठ झाले; पण उद्या घंटा होताच माझा विद्यार्थी कान झाकून बाकाखाली शिरला, तर मी काय करू?" माझ्या लिहून आणलेल्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकाला परिचित आहे. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिची दखल घेतली. परंतु कायदा काही वर्गात उभा राहून शिकवीत नाही.

शिक्षकाला तयार करण्याची खात्रीची रीत साधी आहे : सांगावे, करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि चूक तेथल्या तेथे दाखवावी. पहिल्या पायरीवर आपण चार दिवस घालवितो. उरलेल्या तिन्ही एका दुपारी उरकतो. न बोलणाऱ्या मुलाला पाणी मागावयास शिकविण्याचेच पाहा. शिक्षिका समोर पेला घेऊन बसते. मुलाने पेल्याचे चित्र उचलून तिच्या हाती द्यावयाचे. मागे बसलेली दुसरी शिक्षिका न बोलता त्याचा हात चित्राकडे नेते, आणि चित्र हाती पडताच पाणी मिळते. ऐकावयास हे किती सोपे! प्रत्यक्षात मात्र समोरची बाई "माग ना बाळ, काय पाहिजे, सांग बघू" असा शब्दांचा वर्षाव करते आणि मागची बाई हात धरूनच ठेवते. मूल मग पाणी मागावयास शिकत नाही. कोणी हात धरील म्हणून थांबावयास शिकते. मदत केव्हा काढून घ्यावी, ही जाण व्याख्यानाने येत नाही. सहकाऱ्याला मूल करून दहा वेळा सराव करावा लागतो, आणि पुढे कोणीतरी वर्गात बसून दहापैकी किती वेळा मुलाने आपण होऊन चित्र दिले, हे मोजावे लागते. आम्ही कचेरीत मोजतो ती हजेरीपत्रके. त्यांवर मीही सह्या केल्या आहेत.

आणखी एक. शाळेतील मदतनीस बाईंना कोणी बोलावीत नाही. पण मुलाला बाकाखालून ओढून काढण्याचे काम त्यांच्याकडेच येते.

पुढे एक अनुभवी प्रशिक्षिका त्या बाईंच्या वर्गात तीन सकाळी बसल्या. घंटेच्या दोन मिनिटे आधी मुलाला घंटेचे चित्र दाखवावयाचे ठरले. महिन्याभराने तो कानांवर हात ठेवी, पण बाकावरच बसून राही.

पाचांपैकी तीन दिवस वर्गातच घालवावेत, असे टिपण मी वर पाठविले होते. "प्रवासभत्त्याची तरतूद कोठून?" असा शेरा घेऊन ते परत आले; उत्तरासह मी ते पुन्हा पाठविले आहे.