गुण कमी आहेत, तरी अर्ज करावा का?



दहावीत गुण घसरले की घरात लगेच दुसरा निकाल लागतो : "आता चांगले कॉलेज विसरा!" हा निकाल घाईचा आहे. आपल्या आवडीचे कॉलेज नेमका कोणता आकडा वाचते, हे आधी पाहावे. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा त्यात अटी घालतो. जे अटीत नाही, ते संगणक बघतच नाही. प्रवेशाचे नियमही तसेच असतात.

नागपूरचे व्हीएनआयटी घ्या. भारतात राहणाऱ्या मुलाला तिथे जेईई मेनच्या क्रमांकाशिवाय बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते (खुल्या वर्गाची अट सांगतो आहे). परदेशात शिकणाऱ्यांसाठी मात्र 'दासा' नावाची वेगळी योजना आहे. तीत बारावीला सर्व विषय मिळून ६० टक्के पुरतात. पूर्वी या योजनेत सॅटच्या विषयवार परीक्षा चालत. त्या २०२१ साली बंद झाल्या आणि आता जागा जेईई मेनच्या क्रमांकावरच मिळते. याच योजनेत आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा राखलेल्या असतात. दासाची फी डॉलरमध्ये, तर या जागांची शिक्षण फी भारतातल्या मुलांइतकी. फी कमी म्हणून चुरस जास्त, हे ओघाने आलेच.

आता सांगा, यात दहावीचे गुण कुठे आले? कुठेच नाहीत. दहावीला ५८ असलेल्या मुलाला हे दार उघडे आहे. बारावीला ५८ असतील तर मात्र ते बंद. तेव्हा सीबीएसईच्या मुलांनी पुढच्या वर्षीच्या गुणसुधार परीक्षेची चौकशी करावी. त्या दोन टक्क्यांसाठी एक वर्ष देणे मला तरी महाग वाटत नाही.

जेईई मेन वर्षातून दोनदा होते आणि त्यातला चांगला स्कोअर धरतात. शिवाय बारावीच्या वर्षी आणि नंतरची दोन वर्षे ती देता येते. केंद्रासाठी आपल्याला उम्म अल कुवैनहून शारजा किंवा दुबई गाठावी लागते. पहाटे निघायची तयारी ठेवा, शारजाचा ट्रॅफिक कोणाची परीक्षा आहे ते विचारत नाही!

आयआयटीत मात्र दासा नाही. तिथे ७५ ची अट आहे आणि अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठ दोनच वर्षे देता येते. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही.

पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय ज्यांच्या मनात आहे, त्यांना आणखी एक वाट आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करायचा. तिथली यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. पालक या वाटेला कमी लेखतात, ते मला पटत नाही. डिप्लोमाची मुले वर्कशॉपमध्ये हात काळे करून आलेली असतात. आपल्या मुलांना रहिवासाच्या दाखल्याचे नियम मात्र आधीच पाहावे लागतील.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी अर्धा तास थांबतो. मार्कशीटची झेरॉक्स आणि तीन कॉलेजांची नावे घेऊन या.