उहुराची खुर्ची

यानाच्या नियंत्रणकक्षात मधोमध कप्तानाची खुर्ची असते. तिच्या मागे, संदेश घेण्या-देण्याच्या यंत्रासमोर आणखी एक खुर्ची. त्या खुर्चीवर कानाला यंत्र लावून एक काळी स्त्री बसलेली असते. ती कुणाला चहा आणून देत नाही, लादी पुसत नाही, मालकिणीची मुले सांभाळीत नाही. ती त्या यानावरची अधिकारी आहे. तिचे नाव लेफ्टनंट उहुरा. आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून हे नाव घेतले आहे.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी संपली. तीन वर्षांत ७९ भाग झाले. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. आपल्या दूरदर्शनवरही १९८० च्या दशकात ती दाखविली गेली. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक घरांत ओळखीचा झाला. पुढे याच जगातल्या आणखी मालिका निघाल्या. त्यातले अनेक भाग मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. काहींनी हसवले, काहींनी रडवले आणि काहींचा मनापासून राग आला.

वाचकहो, "परग्रहावरच्या गोष्टींशी आपल्या पोटापाण्याचा काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध आहे. १९६० च्या दशकातील अमेरिकेत वर्णद्वेषावर किंवा युद्धावर टी.व्ही.वर सरळ बोलणे अवघड होते. जाहिरातदार बिथरत, वाहिनीचे अधिकारी कात्री लावीत. तेव्हा लेखकांनी युक्ती केली. गोष्ट नेली दुसऱ्या ग्रहावर आणि दुखणे सांगितले आपल्याच पृथ्वीवरचे.

डॉ. किंग यांनी घातलेली गळ

उहुराची भूमिका निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. पहिले वर्ष संपताना तिने मालिका सोडायचे ठरविले होते. तिला नाटकांत काम करायचे होते. शिवाय मालिकेत तिच्या वाट्याला चारदोन वाक्ये येत, तीही कधी कधी कापली जात. अशात एका समारंभात तिची भेट डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झाली. हा प्रसंग ती पुढे अनेक मुलाखतींत सांगत असे. डॉ. किंग म्हणाले की ते तिचे चाहते आहेत, आणि जागून पाहायची परवानगी ते आपल्या मुलांना फक्त याच मालिकेसाठी देतात. मालिका सोडण्याचा तिचा विचार ऐकताच त्यांनी तिला बजावले की हे तुला करता येणार नाही. जगाला आम्ही जसे दिसायला हवे तसे तुझ्यामुळे पहिल्यांदा दिसतो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. निशेल थांबली. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९६८ रोजी, डॉ. किंग यांची हत्या झाली.

विचार करा. ज्या माणसाच्या मागे मोर्चे, तुरुंग आणि रोजच्या धमक्या होत्या, त्याला टी.व्ही.वरच्या एका खुर्चीची एवढी काळजी का वाटावी? कारण मुले काय पाहतात, हे त्याला ठाऊक होते. त्याच काळात हूपी गोल्डबर्ग नावाची लहान मुलगी उहुराला पडद्यावर पाहून ओरडत घरभर पळाली होती, की टी.व्ही.वर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही! हीच मुलगी मोठेपणी प्रसिद्ध अभिनेत्री झाली. 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत काम मिळावे म्हणून ती स्वतःहून गेली आणि १९८८ पासून तिने त्यात गायननची भूमिका केली.

दगडातली आई

माझा सर्वांत आवडता भाग ९ मार्च १९६७ चा आहे. एका ग्रहाच्या पोटात खाण चालते. तिथे एक अक्राळविक्राळ प्राणी पन्नास माणसांना मारतो. खाणकामगार चिडलेले, घाबरलेले. कप्तान कर्क आणि स्पॉक त्याला शोधायला बोगद्यात उतरतात. बंदुकीच्या माऱ्याने प्राणी जखमी होतो. स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवून त्याचे मन वाचतो, तेव्हा कळते की ही एक आई आहे. होर्टा तिचे नाव. खाणीत सापडणारे गोल दगड समजून कामगारांनी जे हजारोंनी फोडले, ती तिची अंडी होती!

तो क्षण पाहताना अंगावर काटा येतो. कामगारांनी क्रूरपणाने काही केलेले नव्हते, ते आपले काम करीत होते. आईनेही मौजेखातर कुणाला मारले नव्हते. दोघांनाही एकमेकांचे म्हणणे कुणी सांगितलेच नव्हते. शेवटी समेट होतो. होर्टाची पिले बोगदे खणणार, कामगार धातू काढणार, आणि कुणी कुणाला मारणार नाही.

होर्टाची जखम भरायला डॉक्टर मॅकॉय चक्क काँक्रीट वापरतो. आधी तो कुरकुरतो की मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे. आपल्यात गवंडीकाम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. जखम बुजली ती शेवटी गवंडीकामानेच!

उजवी बाजू काळी की गोरी?

१० जानेवारी १९६९ च्या भागात यानावर दोन परग्रहवासी येतात. दोघांचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाचे नाव बील. तो अधिकारी आहे आणि लोकाई नावाच्या बंडखोराचा पन्नास हजार वर्षे पाठलाग करतो आहे. तो लोकाईला हलक्या वंशाचा म्हणतो. कर्क आणि स्पॉक यांना दोघांत काही फरकच दिसत नाही. तेव्हा बील वैतागून सांगतो की दिसत नाही का, मी उजवीकडे काळा आहे आणि त्याची सगळी जमात उजवीकडे पांढरी आहे!

इथे आधी हसू येते आणि मग ते हसू घशात अडकते. बाहेरून आलेल्या माणसाला जो फरक समजावून सांगावा लागतो, त्यावरून एक अख्खा ग्रह बेचिराख झालेला असतो. दोघे आपल्या ग्रहाजवळ पोहोचतात तेव्हा तिथे कुणीच जिवंत उरलेले नसते. तरीही ते एकमेकांच्या मागे धावतच राहतात. आपल्याकडे तर जात कातडीवर दिसतही नाही, ती आडनाव विचारून काढावी लागते. म्हणून हा भाग आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतो.

अलेक्झांडरचा नकार

२२ नोव्हेंबर १९६८ चा भाग कर्क आणि उहुरा यांच्या चुंबनामुळे गाजला. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत कित्येक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्नही बेकायदेशीर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दृश्याचे धाडस कळते. पण मला त्या भागातला अलेक्झांडर जास्त आवडतो. मायकेल डन या ठेंगण्या अभिनेत्याने ती भूमिका केली आहे.

त्या ग्रहावरचे लोक नुसत्या मनाच्या ताकदीने वस्तू आणि माणसे हलवू शकतात. एकट्या अलेक्झांडरला ती ताकद नाही, म्हणून तो सगळ्यांचा नोकर आणि खेळणे. आपल्यातच काही खोट आहे, असे त्याला आयुष्यभर वाटत आलेले असते. पुढे डॉक्टर शोधून काढतो की ती ताकद तिथल्या अन्नातून येते. तीच ताकद अलेक्झांडरलाही देऊ केली जाते. आणि तो नाही म्हणतो! ज्यांनी छळले त्यांच्यासारखे त्याला व्हायचे नसते. त्याला फक्त तिथून निघून जायचे असते, जिथे माणसाला उंचीवरून मोजत नाहीत अशा ठिकाणी. त्याचा हा नकार मला त्या भागातल्या सगळ्या शक्तिमान लोकांपेक्षा मोठा वाटतो.

अंतराळातला संप

'डीप स्पेस नाइन' या पुढच्या मालिकेत क्वार्क नावाचा एक लोभी मद्यालय-मालक आहे. फेब्रुवारी १९९६ च्या एका भागात धंदा मंदावतो, म्हणून तो नोकरांचा पगार एक तृतीयांश कापतो. त्याचा भाऊ रॉम त्याच्याकडेच राबतो. कान दुखून तो कामावर कोसळतो, पण आजारपणाची रजा नाही. त्यांच्या जमातीत कामगार संघटनेला बंदी. तरी हा भित्रा, अडखळत बोलणारा रॉम नोकरांना एकत्र करतो आणि संप पुकारतो. यानतळावरचा मेकॅनिक ओब्रायन त्याला आपल्या पूर्वजाची आठवण सांगतो. तो पूर्वज १९०२ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या संपात पुढे होता.

१९८२ चा गिरणी संप ज्या घरांनी सोसला, त्यांना हा भाग नुसता गंमत म्हणून पाहता येणार नाही. इथे मालक शेवटी सगळ्या मागण्या मान्य करतो, फक्त संघटना कागदोपत्री मोडायला सांगतो. त्याला स्वतःची अब्रू राखायची असते. रॉम मागण्या पदरात पाडून घेतो, मग भावाची नोकरी सोडतो आणि यानतळावर दुरुस्तीच्या कामाला लागतो. आता तो दुकानात गिऱ्हाईक म्हणून येतो आणि क्वार्कला त्याला वाढावे लागते! हा शेवट पाहून टाळी वाजवाविशी वाटते.

बेनीची गोष्ट

याच मालिकेतला ११ फेब्रुवारी १९९८ चा भाग मात्र एका दमात पाहवत नाही. त्यात बेंजामिन सिस्को हा काळा कप्तान एका भासात १९५३ च्या न्यूयॉर्कमध्ये जातो. तिथे तो बेनी रसेल आहे, विज्ञानकथांच्या मासिकात लिहिणारा लेखक. वाचकांसाठी लेखकांचा फोटो काढायचा ठरतो. संपादक बेनीला आणि त्याच्या सहकारी लेखिकेला सांगतो की त्या दिवशी तुम्ही उशिरापर्यंत झोपा. वाचकांना कळता कामा नये की लिहिणारा काळा आहे आणि लिहिणारी बाई आहे.

बेनी एक गोष्ट लिहितो. तिचा नायक अंतराळतळावरचा काळा कप्तान असतो. संपादक म्हणतो, कप्तान गोरा कर. बेनी नाकारतो. मग तडजोड होते की गोष्ट स्वप्न म्हणून छापायची. तेवढ्यावरही बेनी आनंदतो. पण प्रकाशक त्या महिन्याचा अख्खा अंकच रद्दीत घालतो आणि बेनीला कामावरून काढतो. बेनी तिथेच कोसळतो. रडत, ओरडत सांगत राहतो की गोष्ट नष्ट कराल, पण ती माझ्या मनात आहे, ती खरी आहे. एव्हरी ब्रूक्स यांनी ही भूमिका केली आणि हा भाग दिग्दर्शितही केला. लिहिलेला शब्द छापून येणे म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला बेनीचे रडणे परके वाटणार नाही.

कौतुकाबरोबर भांडणही

चाहत्याने आंधळे असू नये. जुन्या मालिकेत लाल सदऱ्यातले साधे कर्मचारी ग्रहावर उतरले की हमखास मरत. त्यांना धड नावही नसे. कप्तान क्षणभर हळहळे आणि गोष्ट पुढे जाई. या लाल सदरेवाल्यांवर चाहते विनोद करतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते की याच्याही घरी कुणी वाट पाहत असेल. शेवटच्या भागात तर एक स्त्री स्पष्ट म्हणते की यानाच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही, आणि गोष्ट तिला वेडी ठरवून मोकळी होते. समतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे लिहावे? स्त्री कप्तान मुख्य भूमिकेत असलेली मालिका यायला १९९५ साल उजाडले. 'व्हॉयेजर' यानाची ती कप्तान जेनवे.

तरीही उहुराची ती खुर्ची वाया गेली नाही. १९७७ साली निशेल निकोल्स यांनी 'नासा' या अंतराळ संस्थेसाठी स्त्रिया आणि काळ्या तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा म्हणून गावोगाव आवाहन केले. १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन काळे पुरुष निवडले गेले. १२ सप्टेंबर १९९२ रोजी डॉ. मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री अंतराळात गेली. लहानपणी ती उहुराची चाहती होती. अंतराळात आपली पाळी सुरू करताना ती उहुराचेच नेहमीचे वाक्य म्हणत असे. १९९३ साली ती 'स्टार ट्रेक'च्या एका भागातही दिसली. निशेल निकोल्स यांचे ३० जुलै २०२२ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुले टी.व्ही. किंवा मोबाईल पाहत बसली म्हणून नुसते ओरडू नका. कधी त्यांच्या शेजारी बसा. भाग संपला की विचारा, यात हुकूम कोण देत होते? राबत कोण होते? मेला त्याचे नाव काय होते? आणि यात तुला कोण व्हावेसे वाटते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलगी पटकन देईल. ते नीट ऐकून घ्या, आणि त्यासाठी शाळेत कोणते विषय घ्यावे लागतात, याची चौकशी त्याच आठवड्यात करा.