शस्त्रक्रिया, सामान्य : रुग्णकेंद्री सेवा
उदरातील इंद्रिये, स्तन, अवटू ग्रंथी, त्वचा व मृदू ऊतके यांच्या विकारांवरील शस्त्रक्रियांचा समावेश सामान्य शस्त्रक्रियेत होतो. आंत्रपुच्छशोथ, अंतर्गळ, पित्ताश्मरी, मूळव्याध व आंत्ररोध ही त्यांची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. ‘सामान्य’ याचा अर्थ किरकोळ असा नसून, एकाच इंद्रियापुरती मर्यादित नसलेली, असा आहे. निदान, शस्त्रक्रियेची आवश्यकता ठरविणे, पूर्वतयारी व शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा यांचाही या सेवेत अंतर्भाव होतो.

बॉस्टन येथे १८४६ मध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अम्लाची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली. वेदना व जंतुसंसर्ग या दोन मोठ्या अडचणी त्यामुळे पुष्कळशा दूर झाल्या. मात्र शुद्धिहरणाने (भुलीने) एक नवा प्रश्नही निर्माण केला. शुद्ध हरपलेला रुग्ण होकार वा नकार देऊ शकत नाही. म्हणून त्याची संमती आधीच व पूर्ण माहिती देऊन घेणे अगत्याचे ठरते.

संमती : सुश्रुतसंहितेत मूत्राश्मरीच्या जोखमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी अधिपतीची अनुज्ञा घेण्यास सांगितले आहे. आधुनिक विधीनुसार हा अधिकार सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाचा स्वतःचा आहे. केवळ तपासणीस संमती दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय, ती बेशुद्ध असताना तिच्या मातेची संमती घेऊन काढण्यात आले होते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अग्राह्य ठरविली. जीवितास वा आरोग्यास तातडीचा धोका असल्यासच अशी जादा शस्त्रक्रिया क्षम्य असते. रोगाचे स्वरूप, शस्त्रक्रियेचा हेतू, पर्यायी उपचार, संभाव्य धोके व उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावे लागतात. नुसता स्वाक्षरीचा कागद म्हणजे संमती नव्हे.

सुरक्षितता : जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक तपासणी-सूची प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी व रुग्णास शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांत रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेचे स्थान, ॲलर्जी आणि उपकरणे व बोळे यांची संख्या पडताळतात. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सूचीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १·५ टक्क्यांवरून ०·८ टक्क्यांवर आले.

पुनर्लाभ : दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया एरिख म्यूए यांनी १९८५ मध्ये जर्मनीत केली. भारतात टेहेम्टन उडवाडिया यांनी ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. छेद लहान असल्याने वेदना कमी होतात व रुग्ण लवकर घरी जातो. शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर पाणी वर्ज्य करण्याची प्रथाही मागे पडत असून, विशेष धोका नसलेल्या रुग्णास भुलीपूर्वी दोन तासांपर्यंत पाणी देता येते. शस्त्रक्रियेनंतर लवकर चालविणे, पुरेसे वेदनाशमन आणि घरी जाताना जखमेची निगा व धोक्याची लक्षणे समजावून सांगणे, ही या सेवेची आवश्यक अंगे मानली जातात.